नर्सबाईंचे वाफे

नर्सबाई कळीची नाडी बघत. परसात ऊन उतरायच्या आत त्या वाफ्यात उकिडव्या बसत, कळी अंगठा आणि दोन बोटांत धरून हलकेच दाबत आणि क्षणभर डोळे मिटत. टणक लागली तर "ऱ्हाऊ द्या हिला आजून दोन दिस," म्हणून पुढे सरकत. लोण्याच्या गोळ्यासारखी मऊ लागली की स्पिरिटनं पुसलेली कात्री देठाच्या बुडापाशी चालवत. सरकारी दवाखान्यातली नोकरी संपून वर्षं झाली होती, पण हातांची सवय गेली नव्हती.

धारूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायला आलो. नवरा कधीच वारलेला; एकुलती एक मुलगी सुजाता केजला शिक्षिका. खाली दोन खोल्या, मागे परस, आणि परसात पाच वाफे. त्या वाफ्यांत जे फुलत होतं ते आख्ख्या जिल्ह्यात कुणी पाहिलं नसेल. पाकिटावर नाव होतं रॅननक्युलस. सैन्यातल्या भाच्यानं हिमाचलातल्या एका नर्सरीतून त्याचे कंद पाठवले होते. वाळलेले, कोंबडीच्या पायासारखे. म्हणून बाई त्यांना 'पंजे' म्हणत.

दिवाळी सरून गारठा पडला की पंजे चार तास पाण्यात भिजत, मग ओलसर वाळूत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात जात. कोंब फुटले की नखं खाली करून वाफ्यात. एकदा मी हौसेनं वाफ्यात दोन बादल्या पाणी ओतलं आणि सात-आठ पंजे कुजवले. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, तहान लागू द्यावी. तहान लागल्याबिगर मूळ खाली जात न्हाई."

माघात फुलं यायची. पातळ पाकळीवर पाकळी, नुसती गच्च. गुलाबी, पिवळी, केशरी. पहिलं फूल घरातल्या बुद्धमूर्तीपुढे ठेवायचं. बाकीच्यांचे गुच्छ बांधून बाई दवाखान्यात जात आणि जिला मुलगी झाली असेल त्या बाळंतिणीच्या उशाशी ठेवून येत. कुणी विचारलं तर म्हणत, "पोरगा झाला की पेढे येतेत. पोरीच्या आईला कुणी काय देत न्हाई. फुलं तरी घिऊन जावी तिनं घरी."

त्या वर्षी आमच्या स्नेहसंमेलनाला संभाजीनगरहून मोठे पाहुणे येणार होते. पुष्पगुच्छाची जबाबदारी माझ्याकडे आली. प्राचार्यांवर छाप पाडायची चांगली संधी होती. मी सकाळीच परसात गेलो आणि बाईंकडे सगळी फुलं मागितली.

"सगळीच?" त्या म्हणाल्या. "आज दोघी घरी जाणार हाईत. दोघींनाबी पोरीच झाल्यात."

"त्यांना उद्या द्या ना, बाई."

"उद्या त्या कुटं आसतील, सर?"

मी तिथेच उभा राहिलो. त्यांनी कापलेल्या फुलांच्या टोपलीकडे एकदा पाहिलं आणि सुतळी घेऊन गुच्छ बांधायला बसल्या. बांधून झाल्यावर जरा संकोचानं म्हणाल्या, "मी यिऊ का बघायला? स्टेजावर कशी दिसत्यात ते बघते."

त्या आल्या. पांढरं इस्त्रीचं लुगडं नेसून शेवटच्या रांगेत बसल्या. पाहुण्यांनी गुच्छ हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि माइकवरच विचारलं, "ही फुलं इथं, बीड जिल्ह्यात? कुणी लावली?" प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो आणि म्हणालो, "मीच लावतो, सर. घरी. छंद आहे."

कुणी मला पेचात पाडलं नव्हतं, घाईही केली नव्हती. वाक्य आपसूक तोंडातून आलं. टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत बाईही टाळ्या वाजवत होत्या.

दुसऱ्या दिवशी एक वार्ताहर वाफ्यांचा फोटो काढायला आला. तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं. मी त्याला परसात नेलं. आवाज ऐकून बाई बाहेर आल्या. माझा चेहरा पाहिला, वहीपेन घेतलेला तो माणूस पाहिला, आणि त्यालाच म्हणाल्या, "सरांचीच हाईत. मी नुस्तं पाणी घालते. तेवढा वाफा तुडवू नका."

बातमी छापून आली. वाफ्यात मी हसत उभा. बाईंनी कात्रण कापून ठेवलं आणि मला म्हणाल्या, "वाफे लई चांगले आलेत फोटोत."

त्यानंतर कितीदा तरी मी बोलायला म्हणून खाली गेलो. एकदा "बाई, त्या दिवशी मी..." इथवर आलो. त्या माझ्याकडे बघत थांबल्या. मी म्हणालो, "त्या दिवशी मी भाडं दिलं का?" उन्हाळ्यात माझी बदली झाली. त्या लसीकरणाला मदत करायला गेल्या होत्या तो दिवस बघून मी सामान टेम्पोत भरलं आणि शेजारी किल्ली ठेवून निघालो.

गेल्या हिवाळ्यात नर्सबाई गेल्याचं कळलं. मांजरसुंब्याला गाडी बदलून मी केजला सुजाताकडे गेलो. तिनं चहा ठेवला, आजारपणाचं सांगितलं. मग माझ्यानं राहवलं नाही. फुलांचं सगळं मी तिला सांगून टाकलं.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "पेपर आला त्याच दिवशी मी आईशी भांडले. म्हटलं, कॉलेजात जाऊन सांग. तर म्हणाली, सर माणूस वाईट न्हाई, ते आपणहून सांगतील. थांब जरा." तिनं कप माझ्यापुढे सरकवला. "नंतर दर वर्षी फुलं आली की विचारायची. सरांचं काही कळलं का म्हणून."

मी कप तसाच ठेवला.

"आईनं तुम्हाला कधी विचारलं न्हाई. मी विचारते. कावून केलं तसं?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी उत्तर शोधलं. नोकरी, प्राचार्य, पाहुणे, तरुण वय... जे सुचेल ते तोंडात येण्याआधीच खोटं वाटायला लागे. "माहीत नाही," मी म्हणालो.

सुजाता आणखी थोडा वेळ थांबली. मग माझ्यापुढचा गार झालेला चहा उचलून आत घेऊन गेली.