दर शुक्रवारी नवा लागतो

"…तिला दर शुक्रवारी नवा लागतो, अन् गुरुवारी उतरतो!"

एवढंच माझ्या कानावर पडलं आणि गिरणीवाल्यानं पट्टा चढवला. पुढचं सगळं पिठात गेलं.

हसायचं न्हाई हं कुणी, आधीच बजावते. माझी जी फजिती झाली ती जुन्या जालन्यातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ आहे. पण जो तो सांगताना आपल्या पदरचा मसाला घालतो. म्हटलं, त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. मसाला माझाही असेल, पण निदान घरचा.

गिरणीत बोलणारी होती रेखा, आमच्या शेजारच्या शकूमावशींची सून. आणि 'तिला' म्हणजे कुणाला, हे विचारायची गरजच नव्हती. मावशींच्या खालच्या खोलीत नवी भाडेकरीण आली होती, वैशाली मॅडम. पस्तिशीची, कचेरीत नोकरी, राहायला एकटी. तिचं सामान उतरत होतं तेव्हाच मी चहा घेऊन गेले होते. चहा आपलं निमित्त. मला सामान बघायचं होतं.

"काकू, आमचे आप्पा हसनाबादला एकटेच असतात," ती म्हणाली. "दोन्ही डोळे गेले त्यांचे. इकडं आणायचंय त्यांना, म्हणून बिनपायऱ्यांची खोली पाहत होते. किती घरं फिरले! एकट्या बाईला कुणी देईना. ही मिळाली, आता काही झालं तरी सोडायची न्हाई."

माझा जीव कळवळला. माझा जीव लवकर कळवळतो, आणि कान त्याच्याही आधी.

आता तुम्हीच सांगा. दर शुक्रवारी नवा लागतो, म्हणजे काय लागतो? माणसाला ठेच लागते, उचकी लागते, नजर लागते. पण जो 'लागतो' आणि मग 'उतरतो', तो कोण? बाहेरचाच ना! लोकांना जन्मात एखादा लागला तर घरदार देवऋषाकडं पळतं. हिला दर आठवड्याला ताजा! गुरुवारी जुना उतरला की शुक्रवारी नवा हजर. मध्ये खोली झाडायलासुद्धा फुरसत न्हाई.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "तुला बरं असलंच सगळं ऐकू येतं."

"मंग काय बहिरी होऊ?"

"होऊन बघ. गल्ली नवस फेडंल."

जाऊ द्या. आमची आणि त्या खोलीची भिंत एकच. आमच्या स्वयंपाकघरात त्या भिंतीत एक फडताळ आहे, लोणच्याच्या बरण्या ठेवायचं. फडताळाच्या मागं भिंत नावालाच, एका विटेची. मी खालच्या कप्प्यातल्या बरण्या बाजूला केल्या की माझं डोकं खांद्यापर्यंत आत जातं. कसं माहीत, ते विचारू नका. आधीचे भाडेकरी चांगले होते.

शनिवार होता. दिवेलागणीची वेळ. गल्लीत सगळीकडं दिवे लागले, फक्त तिच्या खिडकीत अंधार. कडी लावल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. मी फडताळात डोकं घातलं. आत हिंगाचा वास, कानाला गार वीट, आणि विटेपलीकडं शांत. अगदी शांत.

मग एक पोरगी हसली.

लहान पोरगी, पाच-सहा वर्षांची. हसता हसता थांबली आणि म्हणाली, "आई, विहिरीत किती गार आहे गं. तू पण ये ना."

त्या खोलीत लहान मूल न्हाई हो! तेवढ्यात एक बाई हुंदके द्यायला लागली. मग एक गडी गुरगुरला, "दोर सोड! ती तुझी लेक न्हाई!" मग पाण्यात काहीतरी पडल्यासारखं झालं, बुडुक. आणि मग, देवाशप्पथ, एक म्हातारा घोगऱ्या आवाजात बोलला:

"मंग? फुडं?"

मी डोकं बाहेर काढलं ते वरच्या फळीवर आपटून.

"अहो, त्या खोलीत एक म्हातारा हाय!"

"फोनवर असंल कुणी," हे म्हणाले.

"फोनवर कुणी विहिरीत उडी मारतं का?"

ह्यांचं उत्तर ऐकायला मी थांबले न्हाई.

पुढच्या शनिवारी मी परत ऐकलं. न ऐकून कसं चालेल? शेजारधर्म म्हणून काही असतो. त्या दिवशी नवाच होता, रेखा म्हणाली तसा. एक घड्याळवाला. त्याच्या दुकानात मेलेल्या माणसांची घड्याळं आपोआप चालू व्हायची, टिक टिक टिक. त्याच्या पुढच्या शनिवारी नुसतं "ढूम! धडाम! ढिशक्याँव!" आणि मध्ये म्हातारा वैतागून, "आता बस कर गं!" मला वाटलं, हा बाहेरचा तिला मारून राह्यलाय. आणि दर वेळी मध्येच तो आवाज, "मंग? फुडं?"

एकदा सकाळी ती नळावर भेटली. डोळे लाल. मी हळूच खडा टाकला, "काय गं, काल लागला का नवा?"

तर ही खुलली! "लागला ना काकू! तुम्हाला कसं कळलं? लई भारी हाय. तीन तास जाग्यावरून हलू दिलं न्हाई."

"आगं बाई! अन् तुला भीती न्हाई वाटत?"

"वाटते की! मजा त्यातच हाय. येता का पुढच्या शुक्रवारी माझ्यासंगं? अंधार असतो, पण मी हात धरून बसवते तुम्हाला. गुरुवारी उतरला की मंग पुन्हा बघायला मिळायचा न्हाई."

मला हात धरून बसवणार म्हणे! मी हंडा अर्धाच भरून निघाले. जाता जाता ती मागून म्हणाली, आणि आता तिचा आवाज उतरला होता, "काकू, एक विचारू? ह्या घरात आधी कुणी गेलंय का हो?"

झालं! आता पुरावा कसला पाहिजे? मी हंडा तिथंच ठेवला आणि तडक शकूमावशींच्या ओट्यावर. मावशी शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. विहिरीतली पोरगी, घड्याळवाला, म्हातारा. मावशींच्या हातातली शेंग फुटेना.

"मंदा, माझ्या घरात लेकरंबाळं हायेत गं," त्या म्हणाल्या. "चांगली दिसती पोरगी, पण महिना झाला की खोली खाली कर म्हणते."

आता मात्र मला आठवलं. बिनपायऱ्यांची खोली. डोळे गेलेला बाप. "लगेच नका सांगू," मी म्हटलं. "आधी स्वतःच्या कानानं ऐका. शनिवारी या माझ्याकडं."

तो वर्षाचा शेवटचा शनिवार होता. मावशी कमरेला लिंबू-मिरची खोचून आल्या. फडताळ एक, डोकी दोन. मावशींचं अंबाड्यासकट. कसंबसं बसवलं. माझा गाल मावशींच्या गालाला, मावशींचा कान विटेला, आणि दोघींच्या नाकाखाली कैरीचं लोणचं.

पलीकडं अंधार. मग वैशालीचा आवाज, अगदी हळू.

"वर्ष संपलं. आता नंबर लावू. जेवढे लागले त्यातले चारच ठेवायचे, बाकीच्यांना सोडून द्यायचं."

मावशींनी माझा दंड धरला.

"तो ढूमढूमवाला?" म्हातारा.

"त्याला हाकला. एवढा मोठा गडी, पण जीव न्हाई त्याच्यात."

"बराबर. चौथा?"

"चौथा घड्याळवाला. तिसरी विहिरीतली पोर. ती अजून माझ्या डोक्यातून उतरली न्हाई."

"माझ्या तर उशाशी येऊन बसती," म्हातारा म्हणाला. "अन् वरच्या दोन्ही जागा त्या भिंतीतलीच्या. तिच्यासारखी कुणीच न्हाई."

मग वैशाली कापऱ्या आवाजात म्हणाली, "तिचं नाव नका काढू. आज पण आलीय ती. दोन दोन श्वास ऐकू येऊन राह्यलेत मला. इथंच हाय, भिंतीला लागून."

मावशींनी किंकाळी फोडली. मी मावशींना बघून फोडली. अंबाडा फळीत अडकला, फळी निखळली, बरण्या ढासळल्या, कैरीचा खार आमच्या डोक्यावरून खाली आला. आणि पलीकडून आमच्यापेक्षा मोठी किंकाळी, "आली! आप्पा, ती बाहेर आली!"

तिघीही एकाच वेळी गल्लीत. ती अनवाणी, हातात फोन, माझ्याकडं बोट दाखवून, "काकू, तुमच्या भिंतीत बाई हाय!"

"माझ्या न्हाई, तुझ्या!"

"तुमच्या! कधीपासून ऐकतेय मी! दर शनिवारी बांगड्या वाजतात, श्वास चालतो, हिंगाचा वास येतो!"

माझ्या केसांतून कैरीची एक फोड घरंगळली आणि माझ्या पायावर पडली. तेवढ्यात तिच्या हातातल्या फोनमधून तोच घोगरा आवाज आला:

"वैशे, मंग? फुडं काय झालं?"

काय सांगू! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. शुक्रवारी नवा लागायचा तो पिक्चर हो! टॉकीजला! पोरगी सिनेमाची शौकीन, ऑफिस सुटलं की पहिल्याच दिवशी जायची. लहान असताना बाप तिला खांद्यावर बसवून तंबूतले सिनेमे दाखवायचा. आता बापाला दिसत न्हाई, म्हणून ही शनिवारी फोनवर त्याला अख्खा पिक्चर करून दाखवायची, सगळ्यांचे आवाज काढून. आणि खोलीत अंधार का? तर म्हणाली, "ते अंधारात ऐकतात, मंग मी उजेडात बसून कसं सांगू?"

रेखा पाठीमागून हसत होती. "अहो काकू, मी गिरणीत पिक्चरचंच सांगून राह्यले होते! कोण म्हणालं तुम्हाला भूत?"

शकूमावशींनी डोळ्यांतला खार पुसला आणि माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, खोली आता मीच खाली करायची.

"न्हाई मावशी, मीच सोडणार होते," वैशाली म्हणाली. "भिंतीतल्या बाईच्या भीतीनं. आप्पांना तिथं कसं आणायचं? उद्याच सांगणार होते तुम्हाला."

मग मात्र मी पुढं झाले. सांगितलं, "ती भिंतीतली बाई मीच, बाई. हे बघ माझ्या बांगड्या, हा माझा दमा, अन् हा हिंग." मावशींनी खोली कायम केली. वैशाली रडता रडता हसायला लागली. आणि मी निर्लज्ज, पदरानं खार पुसत फोनपाशी वाकले.

"आप्पा, मंग यंदाचा पयला नंबर माझा म्हणायचा की न्हाई?"

"न्हाई बाई," आप्पा म्हणाले. "तुमचा दुसरा."

"दुसरा? वरच्या दोन्ही जागा भिंतीतलीच्या म्हणालात ना?"

"व्हय. पर ती एकदाच बोलली, त्या शनिवारचा पयला नंबर. वैशी गोष्ट सांगता सांगता पाणी प्यायला थांबली. तवा तुम्ही भिंतीतून म्हणाला ना, 'फुडं सांग की, लेकी.' कसला आवाज लावला होता! माझ्या अंगावरचा काटा दोन दिवस उतरला न्हाई. बाकीच्या येळी नुसती सूं सूं. ते आपलं बरं होतं."

"हो काकू," वैशाली म्हणाली, "त्याच दिवशी मी खोली सोडायचं मनात आणलं."

"मी कधी बोलले न्हाई," मी म्हटलं. "बोलेन कशी? बोलले तर कळेल ना! कोणता शनिवार?"

"तुळशीच्या लग्नाचा."

आरडाओरडा ऐकून हे पेपरासकट दारात येऊन उभे होते; मी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी पहिल्यांदाच पेपर खाली ठेवला.

तुळशीच्या लग्नाच्या शनिवारी आम्ही दोघं अंकुशनगरला नणंदेकडं होतो. सकाळी गेल्तो, दुसऱ्या दिवशी आलो. घराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला.

आता आप्पा आलेत राहायला. डोळ्यांनी न्हाई, पण कानानं मला लगेच ओळखतात. दर शनिवारी मी फडताळातून न्हाई, सरळ दारातून जाते, चहा घेऊन. वैशाली दिवा मालवते आणि सुरू करते. गोष्ट रंगात आली की आप्पा कधी कधी मान भिंतीकडं वळवतात आणि हळूच म्हणतात, "बसा, तुम्ही पण बसा."

मी चहाचा कप घट्ट धरून बसते. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त काय लागतं, सांगू? माझंच घर, माझंच फडताळ, शेजारणीचं ऐकायचा माझा जन्माचा सराव. अन् कोण कुठली ती, एकदाच आली, चार शब्द बोलली, आणि पहिला नंबर घेऊन गेली!