पावडरखालचं पुरळ

फुप्फुसाच्या कर्करोगाची गोळी सुरू झाल्यापासून अण्णांच्या गालांवर पुरळ उठलं होतं. तपासणीला निघताना आईने त्यावर पावडरचा जाड थर दिला. तिला भीती, पुरळ पाहून डॉक्टर गोळीच बंद करतील. दवाखान्यात सिस्टरांनी ओल्या कापसाने तो थर हळूच पुसायला घेतला.

"काकू, लपवू नका हो. यावर मलम मिळतं. आणि गोळी आपल्या मनाने थांबवायचीही नाही."

दवाखान्यात जाताना आपण सगळेच थोडी पावडर लावून जातो. कुणी विचारलं, की "बरंय" म्हणून मोकळे.

कापूस गालावर फिरत होता.

"काका, चुरचुरतं का?"

"छे," अण्णा सवयीने म्हणाले. मग त्यांनी आईकडे पाहिलं.

"हो. फार."