ज्वालामुखीच्या तोंडातलं तीर्थ

२०११च्या मार्चमध्ये मी प्रार्थना करणं सोडून दिलं होतं. देवापुढे उभं राहायची लाज वाटत होती. आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आयर्लंडला आली आणि थोड्याच दिवसांत तिच्या पोटात गाठ निघाली. स्लायगोच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, उद्या ऑपरेशन करायलाच हवं, थांबण्यात धोका आहे. आईचं एकच म्हणणं होतं. "माझ्या गडूतली गंगा तोंडात पडू दे. मग सांगाल तिथं सही करते."

तो गडू आता नव्हताच. आईबाबांनी काशीहून आणलेला तांब्याचा गडू. त्यातलं पाणी बाबांच्या शेवटच्या घटकेला त्यांच्या तोंडात घातलं होतं आणि उरलेलं आईनं स्वतःसाठी राखलं होतं. आईला आणायला मीच गेलो होतो, आणि मुंबईच्या विमानतळावर तो माझ्या हातातल्या बॅगेत निघाला. पाणी नेता येणार नाही, असं तिथल्या माणसानं सांगितलं. मागे रांग खोळंबली होती, मी दमलो होतो. "टाका," म्हणालो. आई चाकाच्या खुर्चीवरून पुढे गेली होती. तिला सांगितलं, मोठ्या बॅगेत ठेवलाय. इथं आल्यावर म्हणालो, प्रेसमध्ये ठेवलाय. माझी मुलं इथल्या लोकांसारखी कपाटाला प्रेस म्हणतात, त्यांचं ऐकून आईही म्हणायला लागली होती. "प्रेसमधला गडू तेवढा आण हो," ती रोज सांगायची आणि मी रोज विसरल्याचं नाटक करायचो.

त्या दुपारी मी स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी एका लहान बाटलीत भरलं आणि इस्पितळात गेलो. वॉर्डाच्या दारापर्यंत पोचलो, पण पाय आत जाईना. बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. आतून आई गणपतीची आरती पुटपुटताना ऐकू येत होती. मध्येच दुसरा एक आवाज तिच्यात मिसळला. शब्द स्पष्ट, पण चाल थोडी अनोळखी.

आत गेलो तर शेजारच्या खाटेवरच्या नोराबाईंची सून आईचा हात धरून उभी होती. तिचं नाव देविका, मॉरिशसची. पणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांत कामाला गेलेले. मराठी तिला आरत्यांपुरतीच येत होती, बाकी सगळं इंग्रजीत. "माझ्या लेकानं हिला उन्हातून उचलून पावसात आणून ठेवलं," नोराबाई मला म्हणाल्या. "तरी म्हणते, आय'म ग्रँड, मजेत आहे."

देविका आपल्या बेटाबद्दल सांगत होती, मी ते आईला मराठीत सांगत होतो. ते अख्खं बेटच समुद्रातल्या ज्वालामुखीतून वर आलेलं. एका गावात विवराच्या पोटात झाडं वाढली आहेत. चामारेलला लाल, जांभळ्या, पिवळ्या मातीच्या टेकड्या आहेत, त्यांवर गवताचं पातं उगवत नाही. आणि उंचावर, धुक्यात, एका विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात तळं आहे. त्याला गंगा तलाव म्हणतात. भारतातून गंगेचं पाणी आणून त्यात ओतलेलं आहे. शिवरात्रीला लोक पांढऱ्या कपड्यांत चालत जातात आणि पाणी घरी आणतात. "भावानं यंदाचं पाठवलंय," ती म्हणाली. "सासूबाईंच्या उशाशी ठेवलंय. तुमच्या आईंना हवंय का?"

माझ्या खिशात नळाचं पाणी होतं. तिचं पाणी गुपचूप माझ्या बाटलीत घेतलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. आईची सही झाली असती. पण त्या क्षणी मला पुढचं खोटं बोलायचं बळच उरलं नव्हतं. मी खाटेशी बसलो आणि आईला गडूचं सगळं सांगून टाकलं.

आई माझ्याकडे बघेना. खिडकीबाहेर पाऊस आडवा येत होता, ती तिकडे बघत राहिली. आता ती सही करणार नाही, आणि त्याला कारण मी, एवढंच मला कळत होतं. मग तिनं देविकाला विचारलं, "तो डोंगर परत पेटायचा नाही ना गो?"

मी विचारून सांगितलं, "नाही म्हणते. झोपलाय."

"आणि पाणी गोड?"

"गोडं. पण काठावर माकडं असतात म्हणे, केळी पळवतात."

"काशीतही होती." आईनं उसासा टाकला. "आण."

देविकानं ते पाणी चमच्यात ओतून तिच्या हातात दिलं. नर्सनं मान हलवून परवानगी दिली. मला वाटलं, आई आता डोळे मिटून तीर्थ घेईल. तिनं चमचा माझ्यापुढे धरला. "हात कर."

मला कळेना.

"अरे, तीर्थ घ्यायचं म्हणजे कसा करतात हात? आधी तू."

मी उजवा तळवा पुढे केला. ते थंडगार पाणी प्यालो, ओला हात डोळ्यांना लावून डोक्यावरून फिरवला. मग तिनं घेतलं, आणि सहीसाठी पेन मागितलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. त्याचं श्रेय कुणाला, हे मी ठरवत बसत नाही. डॉक्टरांचे आभार मानले, देविकाचेही. देवाचे मानायला मात्र बरेच दिवस लागले. इतकी वर्षं मी सगळ्यांना सगळं पुरवणारा माणूस होतो, आणि त्याच ओझ्याखाली खोटं बोलत गेलो. त्या दुपारी माझ्याजवळ द्यायला काही उरलं नव्हतं. आईनं मला फक्त घेण्यासाठी हात पुढे करायला लावला.