खाचरावरचा फुटपाथ

आमच्या महाळुंग्याच्या घरमालक काकांइतका शिस्तीचा सायकलस्वार अख्ख्या मुळशी तालुक्यात झाला नसेल, आणि सायकल खांद्यावर घेऊन इतका हिंडलेला माणूसही. आमच्याकडचा सायकलमार्ग आणि फुटपाथ तुकड्यातुकड्यांनी झाले होते. एका गृहसंकुलासमोर मार्ग लाल रंगात दिमाखात सुरू होई, भिंत संपली की खड्ड्यात विरून जाई आणि पुढच्या संकुलाच्या फाटकाशी पुन्हा उगवे. बाकीचे लोक अशा जागी सायकल रस्त्यावर घेत. काका मात्र उतरत, धोतर खोचत, सायकल खांद्यावर टाकत आणि चिखल तुडवून पलीकडे पुन्हा स्वार होत. मी तेव्हा लातूरहून नोकरीसाठी नवाच आलो होतो. सायकल बिघडलीय का, असं विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "सायकल बरी हाय. वाट बिघडलीया."

पायी चालणाऱ्यांची तर त्यांनी जबाबदारीच घेतली होती. फुटपाथ तुटे तिथे ते उभे राहत आणि हात वर करून डंपर थांबवत. एकदा कामावरून परतणाऱ्या दोन बायकांसाठी त्यांनी चालती वरात अडवली. नवरदेव कुरकुरला, तेव्हा तू बसलायस, त्या उभ्या आहेत, एवढंच त्याला समजावलं. रस्त्याच्या कचेरीत ते चिखलाच्या पायांनीच जात. पाय पुसून या म्हटलं, तर हा चिखल तुमचाच आहे, परत द्यायला आलोय, म्हणत. शेवटी तिथले साहेब कंटाळून त्यांच्याबरोबर सगळा रस्ता चालले, दोनदा घसरले, आणि मग एकेक तुकडा खरंच जोडला जाऊ लागला.

राहिला फक्त आमच्या वळणावरचा. साहेब म्हणाले, "काका, ही जागा तुमचीच आहे. तुम्हीच सही देत नाही." सगळ्यांशी भांडणारे काका एकाएकी सायकलची चेन तपासू लागले.

ते त्यांचं उरलेलं शेवटचं भाताचं खाचर होतं. बाकीच्या शेतावर इमारती उभ्या राहिल्या होत्या. चादरीएवढ्या त्या तुकड्यात काका दरवर्षी इंद्रायणी लावत, आणि कापणीला अख्खं घर बोलावत; मग सगळे एकमेकांच्या पायात येत. रस्ता थोडा वाकडा गेला तर बिघडलं कुठं, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला ते पटेना, पण त्यांच्यापुढे बोलणार कोण?

एका संध्याकाळी काकू दळण घेऊन येत होत्या. खाचर चुकवायला त्या रस्त्यावर उतरल्या आणि मागून आलेल्या मोटरसायकलचा धक्का लागून पडल्या. मीच त्यांना घरी आणलं. कोपर सुजलं होतं, बांगड्या फुटल्या होत्या, केसांपासून पायापर्यंत पीठ. काका हळद गरम करून लावत होते. काकू त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "समद्या गावाला पल्याड न्हेलंसा. माज्या टायमाला कुटं हुता?"

काका हळद कोपराऐवजी बराच वेळ मनगटाला लावत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कचेरीत सोबत नेलं. आयुष्यात पहिल्यांदा ते पाय धुऊन आत गेले. सही केली आणि म्हणाले, "यंदाचं भात तेवडं निगू द्या." साहेब थांबले. कापणी झाली आणि मगच मुरूम पडला, त्यावर ठोकळे बसले.

आता वाट सलग झाली आहे. संध्याकाळी काका-काकू फिरायला निघतात. आमच्या वळणावर आलं की काका चपला काढून हातात घेतात, त्या तुकड्यावरून अनवाणी चालतात आणि पलीकडे पुन्हा घालतात. परवा एका नव्या भाडेकरूने इथे देऊळ होतं का, असं त्यांना विचारलं.

"देऊळ न्हाई," काका म्हणाले. "पर चपला घालून खाचरात कसं शिरायचं?"

काकू चार पावलं पुढे जाऊन थांबल्या होत्या. काकांचं चालून होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.