पडद्यावरची दोन टेंगळं

कारखान्यात सगळे त्यांना वेटोळेकाका म्हणत. तीस वर्षं ते तांब्याच्या तारेची वेटोळी, म्हणजे कॉइलच तर गुंडाळत आले होते. शाळा सातवीपर्यंत, पण तोरा असा, की मोठ्या साहेबांनीही त्यांच्या खोलीत दार वाजवूनच यावं.

त्या दिवशी बसवण्याआधी बॉयलरची नळी काकांच्या कॉइलनं तपासताना नव्या इंजिनिअर बाई म्हणाल्या, "काका, तुमची कॉइल गेली. यंत्राच्या पडद्यावरच्या रेषेत नको तिथं दोन टेंगळं दिसतायत. आता बाहेरून तयार कॉइल मागवू."

काकांच्या नाकावरचा राग उठून उभाच राहिला. "कॉइल गेली म्हणे! नळीला भेग आहे, बाई. ही नळी बसवलीत तर वाफ माणसांच्या अंगावर येईल."

"कशावरून?"

"कॉइलमध्ये विजेचा झटका सोडला, की चुंबकाचा जोर क्षणभर उसळतो. त्यानं नळीच्या धातूत वीज भोवऱ्यासारखी फिरते आणि चुंबक तिला ढकलतो. हात न लावता धातूला धक्का! त्याची लाट नळीभर पळते, टोकाला आपटून परत येते. मधे भेग असली तर अर्ध्यातूनच परत, आणि पडद्यावर तिथं टेंगूळ. आतल्या खोलीत बायकोला 'चहा' म्हणून हाक मारावी आणि वाटेतच सासूबाईंचं 'संपला' ऐकू यावं, तसं!"

बाई हसल्या, पण हटल्या नाहीत. "आणि दोष कॉइलचाच असला तर?"

"कॉइल वीतभर सरकवा. भेग काही तिच्या मागे चालत येत नाही. अंतर बदललं, की टेंगूळ सरकणार. नाही सरकलं तर दोष कॉइलचा. मग टाका भंगारात. तिलाही आणि मलाही."

गंमत बघायला फिटर मंडळी जमली. कॉइल सरकली. टक्! पहिलं टेंगूळ सरकलं.

"बघा!" काकांची छाती फुगली.

"दुसरं बघा," बाई म्हणाल्या.

दुसरं ढिम्म.

काका कॉइलवर वाकले. काल घरून भांडून आले होते. त्या तणतणीत वेढे घट्ट धरणारं व्हार्निश वाळायच्या आतच कॉइल उचलली होती. एखादा वेढा सैल राहिला असणार. झटक्यासरशी तोच, तार गुंडाळायच्या फर्म्यावर थडथडत होता. पडद्यावर खापर फोडता आलं असतं. फिटर तर दात काढायला टपलेच होते.

"पहिलं नळीचं," काका म्हणाले. मग जरा हळू, "दुसरं माझं. वेढा सैल राहिलाय."

बाईंनी खडूनं नळीवर ठसठशीत फुली मारली आणि नळी बाजूला काढायला लावली. काकांनी कॉइल उचलली. "भंगार कुठं टाकायचं?"

"बसा खाली. बाहेरची कॉइल स्वतःची चूक सांगायला येणार नाही. वेढा आवळा, आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही."

"मला शिकवताय?" काका गुरगुरले आणि मुकाट्यानं व्हार्निशचा डबा शोधायला लागले.