ओवीची एकच ओळ

पुलावात शहाजिरं टाकलं, की इथे अमेरिकेत, रेडमंडच्या जुन्या घराशेजारी राहणाऱ्या इल्गा आजी आठवतात. मूळच्या लात्व्हियाच्या. जूनमध्ये अंगणात शेकोटी पेटवायच्या, शहाजिरं घातलेलं चीज वाटायच्या आणि गायच्या. त्यांची रीतच होती, यजमानाच्या गाण्याला पाहुण्याने गाण्यानेच उत्तर द्यायचं. "देश सुटला, पण गाणी सोडली नाहीत," म्हणायच्या.

एका वर्षी गायची पाळी माझ्यावर आली. ऑफिसातून दमून आलेली मी आईची जात्यावरची ओवी म्हणायला लागले आणि पहिल्याच ओळीनंतर अडकले.

"पुढचं आईला विचार," आजी म्हणाल्या. "पुढच्या वर्षी गा."

दर रविवारी आईला फोन व्हायचा. व्हिसा, तिचे गुडघे, इथला पाऊस, एवढ्यातच मी थकून जायचे. ओवी विचारायची राहिली. आता आई नाही, आजीही नाहीत.

माझी लेक भांडी लावताना तीच ओळ गुणगुणते आणि बरोबर माझ्याच जागी थांबते.