फाट्याच्या आतली गावं

देवराम नाना सायकलीवर बसण्याआधी माणसं मोजायचे. आम्ही असायचो तिघंच, ते स्वतः, मी आणि माझा नवरा सुनील. तरी नाना बोट फिरवून एक, दोन, तीन म्हणायचे, सायकलची घंटी दोनदा वाजवायचे आणि मगच पायडल मारायचे. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काढलेली. दोन घंट्या दिल्याशिवाय चाक हलतं, हे त्यांच्या मनाला पटतच नसे. एकदा सुनील घंटीची वाट न बघता पुढे निघाला, तर नानांनी त्याला हाक मारून मागे बोलावलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

आता नाना मुलाकडे सुरतेला असतात, पण तेव्हा धुळ्यात देवपूरला आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. मी शाळेत भूगोल शिकवते. पांझरा नदीचा उगम मुलांना नकाशावर वीस वर्षं दाखवला, स्वतः त्या बाजूला कधी फिरकले नव्हते. सुनीलचं औषधांचं दुकान आहे. बसून बसून त्याचं पोट त्याच्याआधी दाराबाहेर पडायला लागलं, तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही गिअरच्या दोन सायकली घेतल्या आणि जिन्याखाली नीट झाकून ठेवल्या. नाना येता-जाता ते झाकण बघायचे. निवृत्त होऊन त्यांना वर्ष झालं होतं. तीन वर्षांपूर्वी नाताळची सुट्टी लागली तशी ते आमच्या ओट्यावर येऊन म्हणाले, "बाई, चाला. साक्री-पिंपळनेर रोडना बठ्ठा फाटा करी टाकूत."

सगळे फाटे करायचे म्हणजे काय, मला आधी कळेना. मग नानांनी समजावलं. या रस्त्यावर त्यांनी निम्मी नोकरी केली. गाव आत, रस्ता बाहेर, म्हणून गाडी फाट्यावर थांबायची. माणसं उतरायची आणि कच्च्या वाटेनं चालू लागायची. ती वाट पुढे कुठे जाते, गाव कसं आहे, नानांनी एकदाही पाहिलं नव्हतं. पण नवखा उतारू दारात उभा राहून "गाव किती लांब?" असं विचारायचाच, आणि नाना न अडखळता आपल्या अहिराणीत, गाव इथेच आहे म्हणून सांगायचे, "हाई काय, आठेच शे. पाय उचला नी पोचा."

"किती जणांना सांगितलं असेल?" मी विचारलं.

"बठ्ठासले," नाना म्हणाले. "आते मी सोता जाई देखस."

अशी आमची पाच दिवसांची सहल ठरली. आमच्या सायकलींना एकवीस गिअर, नानांच्या काळ्या सायकलीला एकही नाही, आणि तरी चढावर नाना पुढे. कुसुंबा गेलं, नेर गेलं, आणि एकेक फाटा आला की आम्ही आत वळायचो. डिसेंबरातली उन्हं अंगाला गोड लागत होती. दोन्हीकडे कांद्याचे हिरवे वाफे, मध्येच वेचणी झालेली कपाशी, बांधावर बोरी. सुनील बोरांसाठी दर अर्ध्या मैलाला उतरायचा आणि त्याला व्यायाम म्हणायचा. पहिल्याच 'आठेच'ला साडेचार किलोमीटर भरले. नाना खाली उतरले, मागे वळून रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाई तं जास्तीच शे."

गावात शिरलं की नाना पारापाशी सायकल उभी करायचे आणि हात जोडून सांगायचे, "मी तुम्हनी गाडीना कंडक्टर. तुम्हले फाटावर उतारी दिधं, आते मी सोता ऊनू." सुरुवातीला मला लाजल्यासारखं व्हायचं. पण लोक ओळखायचे हो त्यांना. आणि ओळख पटली की तक्रारी सुरू. एका आजोबांनी तर पंधरा वर्षांपूर्वीची काढली. "मी हात दाखाडा, तुम्ही गाडी थांबाडी नही. मन्हा साडूना लगीनमा मी जेवननंतर पोचनू." नानांनी कान धरले. मग त्याच आजोबांनी आम्हाला उठू दिलं नाही. शेतात नेलं, कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजून भरीत केलं, घरून कळण्याच्या भाकरी आल्या. नाना दर घासाला त्यांची माफी मागत होते आणि आजोबा दर माफीला भरीत वाढत होते. इतकी सुखाची सुट्टी मी आयुष्यात घेतलेली नाही, हे इथे लिहून टाकते.

असे अकरा फाटे आम्ही केले आणि पिंपळनेरहून परत फिरलो. शेवटच्या दिवशी साक्रीच्या अलीकडे चहाला थांबलो असताना मी मोबाइलवर नकाशा उघडला. मास्तरीणच मी, राहिलेलं शोधायची खोड. निंबखेडा नावाचं एक गाव राहिलं होतं. जाताना त्याच्या फाट्यावर नानांनी घंटीही वाजवली नव्हती, सरळ पुढे काढलं होतं.

"नाना, हे एक सुटलं."

"ते राहू द्या," ते म्हणाले. चहा अर्धा ठेवून उठले आणि सायकलची हवा बघू लागले. हवा सकाळीच भरलेली होती. मी गप्प बसले नाही. थोड्या वेळानं ते ओट्यावर येऊन बसले आणि आमच्याकडे न बघता सांगू लागले.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, भर दुपार. निंबखेडा फाट्यावर एक बाई दारात आली. कडेवर दोन-तीन महिन्यांचं लेकरू, हातात बोचकं. घ्यायला येणारी बैलगाडी आलेली नव्हती. तिनं विचारलं, गाव किती लांब? लांब असेल तर पुढे शेवटपर्यंत येते आणि संध्याकाळी याच गाडीनं परत येताना उतरते. नाना म्हणाले, "हाई काय, आठेच शे." ती उतरली. गाडी सुटली. मागच्या काचेतून नानांना दिसलं की ती पदरानं लेकराचं डोकं झाकते आहे आणि पुढच्या वाटेवर एक झाड नाही. त्यांनी गाडी थांबवायची घंटी द्यायला दोरीला हात घातला आणि दिली नाही. गाडीला आधीच उशीर झाला होता. त्यानंतर ती बाई त्यांच्या गाडीत पुन्हा कधी दिसली नाही.

"मग त्या गावच्या कुणाला विचारायचं तरी," सुनील म्हणाला.

"इचारं नि भलतंच कानवर ऊनं तं?"

निवृत्त होईपर्यंत हा माणूस या रस्त्यावर ड्यूटी लागली की त्या फाट्यावरून जात होता आणि फाटा आला की सुट्टे पैसे चाचपत बसत होता. बारा फाट्यांची ही सगळी सहल त्या एका फाट्यासाठी काढलेली होती आणि ऐन वेळी त्यांचा धीर सुटला होता. मी म्हटलं, "नाना, आता आम्ही दोघं आहोत ना." त्यांनी माणसं मोजली. घंटी दोनदा वाजली, पण हळू.

निंबखेड्याची वाट आता डांबरी झाली आहे. सात किलोमीटर, अंगावर येणारा चढ. पारावर एक म्हातारा तंबाखू मळत होता. त्याला त्यांनी विचारलं, "बावीस वरीस व्हयनात. उन्हायामा एक सून फाटावरथून पायी ऊनी व्हती. कडवर लेकरू व्हतं."

"घोडावर ऊनी ती? सरला?" म्हातारा लगेच म्हणाला आणि निळ्या दाराच्या घराकडे बोट केलं. लेकराचं विचारायचं नानांच्या ओठांवर आलं होतं, मला दिसत होतं. त्यांनी विचारलं नाही.

सरलाबाई अंगणात मिरच्या निवडत होत्या. नानांनी हात जोडले आणि आपण कोण ते सांगितलं. बाई उठल्या, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि हसायला लागल्या. त्या दुपारी मैलभर चालल्यावर त्यांना मेंढ्या घेऊन निघालेले ठेलारी भेटले होते. त्यांनी कोकरांच्या शेजारी सरलाबाईंना घोड्यावर बसवलं, लेकराला सावली धरली आणि थेट दारात आणून सोडलं. सासऱ्यांना वाटलं वरातच आली.

"आनि लेकरू?" नानांनी विचारलं.

"मांगे उभी शे तुम्हना."

मागे दारात एक सव्वापाच फुटी मुलगी केस विंचरत उभी होती. नाना तिच्याकडे बघतच राहिले आणि मग मिरच्यांच्या शेजारी जमिनीवरच बसले. मी रडले. सुनीलही रडला, पण मिरच्यांचं नाव सांगितलं.

पाणी प्यायल्यावर नाना म्हणाले, "बहिणी, मी तुले खोटं सांगं."

"माले ठाऊक व्हतं ना," सरलाबाई म्हणाल्या. "लगीनले तीन वरीस व्हई गयथात मन्हा. सात किलोमीटर शे, हाई माले ठाऊक नव्हतं का?"

"मंग माले कसाले इचारं?"

"कोनी तरी 'आठेच शे' म्हनाले पाहिजे व्हतं, भाऊ. तेवढावर पाय उचलतस." मग त्या म्हणाल्या, "उतारं ते बरं करं. पन गाडीमा पानी व्हतं, ते नही दिधं."

"ते चुकनं," नाना म्हणाले. मान खाली घालून दोनदा म्हणाले. सरलाबाईंनी त्यांना दुसरा तांब्या भरून आणून दिला आणि जेवायला बसवलं.

या भागात पाहुण्याला फाट्यापर्यंत पोचवायची रीत आहे. आम्ही निघालो तशी ती मुलगी, जयश्री, स्वतःची सायकल काढून आमच्याबरोबर निघाली. रोज याच वाटेनं फाट्यावर येऊन ती साक्रीच्या कॉलेजला जायची. उतारावर तिनं आम्हा तिघांना मागे टाकलं. नाना एरवी पुढे असायचे, त्या दिवशी मुद्दाम तिच्या मागे राहिले.

फाट्यावर तिनं नानांच्या पाया पडून माझा नंबर घेतला आणि माघारी वळली. आम्हाला उजेड आहे तोवर नेर गाठायचं होतं. पण नाना सायकल उभी करून तिच्या वाटेकडे तोंड करून उभे राहिले. ती लहान होत गेली, वळणाआड गेली. नाना हलले नाहीत. ऊन तांबूस झालं. सुनीलनं दोनदा घड्याळ बघितलं. चाळीस मिनिटं झाली असतील, माझा फोन वाजला. मी तो नानांच्या कानाला लावला. इतकी शांतता होती की पलीकडचं मलाही ऐकू आलं.

"नाना, पोचनी मी."

नानांनी फोन माझ्या हातात दिला आणि सायकलीवर टांग मारली.